एका गाण्याची धर्मभगिनी

एकच गीत गाजून विस्मृतीत गेलेल्या गायकांचा विषय निघाला की आम्हांस बेल्जियमच्या डॉमिनिकन धर्मभगिनी जानीन डेकर्स आठवतात. १९६३ च्या डिसेंबरात त्यांचे ‘डॉमिनिक’ हे फ्रेंच गीत अमेरिकेत चार आठवडे अग्रस्थानी होते. गिटारवर गायिलेले संत डॉमिनिकांचे हे गुणगान बीडच्या लेकरांनीही भाषा न कळता उचलावे इतके सोपे. तेच त्याचे सामर्थ्य. १९६६ साली त्यांनी मठ सोडला, पुढची गीते चालली नाहीत. उत्पन्न मठाकडे व कंपनीकडे गेलेले. कराची मागणी मात्र त्यांच्या दारी आली. १९८२ मध्ये त्यांनी त्याच गीतावर डिस्कोचा ठेका चढविला. त्यात प्रार्थना हरवली. देणेकऱ्याची धाप तेवढी ऐकू येते. १९८५ साली त्यांनी आपले जीवन संपविले. आम्ही पहिलीच तबकडी लावतो.