‘आयदान’ आणि विज्ञानाचा प्रश्न

ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ साली आले. तेव्हापासून त्याची समीक्षा प्रामुख्याने दोन अंगांनी होत आली आहे : दलित स्त्रीचे दुहेरी शोषण आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळीतली तिची वाट. दोन्ही अंगे खरी आहेत. पण ज्या वस्तूचे नाव पुस्तकाला दिले, ती वस्तू समीक्षकांना केवळ प्रतीक वाटली. आई आयदाने विणते, लेक शब्द विणते, एवढे म्हणून ते पुढे सरकतात. (हे साम्य लेखिकेनेच सांगून ठेवल्यामुळे त्यांचे काम आयतेच झाले.) आयदान घडवायला ज्ञान लागते आणि त्या ज्ञानाचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

घाटावर बांबूकाम बुरुडांचे. कोकणात ते महारांकडे होते. लेखिकेच्या फणसवळ्यापासून खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतचा मुलूख १९८१ पर्यंत एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होता. त्यात सुपे, रोवळ्या, टोपल्या, मासळीच्या पाट्या याच हातांनी केल्या. हात चालत नव्हता, हाताची रोवळी चालत होती.

आता या हाताला काय काय कळत होते ते पाहा. कोवळा बांबू तोडायचा नाही. पेर पाहून कांबी काढायच्या. तोडलेला बांबू पाण्यात बुडवून ठेवायचा, नाहीतर कीड पोखरते. तयार वस्तू चुलीवरच्या धुरात टांगली की टिकते. कीड बांबूतल्या पिष्टासाठी येते आणि पाण्यात मुरवल्याने ते पिष्ट कमी होते, हे रसायनशास्त्र झाले. आमच्या बायांना कृती ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. आणि कारण शिकवण्याची जागा म्हणजे शाळा. तिथे त्यांच्याच मुलाला बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून निळा-काळा डाग दाखवला जातो : हे पिष्ट. मुलगा डाग पाहतो, वहीत आकृती काढतो, पाच गुण मिळवतो. तोच थेंब घरच्या बांबूच्या तुकड्यावर, एक मुरवलेला आणि एक न मुरवलेला, टाकून पाहावा असे त्याला कुणी सांगत नाही. ज्या दिवशी तो टाकेल त्या दिवशी संशोधन सुरू होईल. देशात नवे शोध का लागत नाहीत यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी या दोन तुकड्यांमधले अंतर आधी मोजावे.

इथे आपलेच कार्यकर्ते हरकत घेतील : म्हणजे पुन्हा पोरांच्या हाती कोयता आणि बांबू द्यायचा काय? मुळीच नाही. १९३७च्या वर्धा योजनेने हस्तोद्योगातून शिक्षण देऊ केले. ज्याच्या कपाळी जातीने हस्तोद्योगच लिहिला होता त्याला त्यात मुक्ती दिसणे शक्य नव्हते. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात मागितले ते वेगळेच. अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या हव्यात, त्यांना परदेशी पाठवावे, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी द्यावी. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आमचे भागणार नाही, हे त्यांनी तेव्हाच बजावले. आपण मात्र त्यांच्या ‘शिका’चा अर्थ बहुतेक वेळा बी.ए. असाच घेतला. शाळेने आयदान सोडायला शिकवले, ते योग्यच झाले. आयदान तपासायला तिने शिकवले नाही, हा दोष आहे.

म्हणून ज्ञान हातातून सुटले आणि प्रयोगशाळेत आमच्यावाचून पोचले. बांबू हे गवत आहे असे वनस्पतिशास्त्र शिकवीत होते, तर १९२७चा वन कायदा त्याला झाड म्हणत होता. खासगी जमिनीवरच्या बांबूची त्यातून सुटका व्हायला २०१७ साल उजाडले. आज सिंधुदुर्गात माणग्याची लागवड होते. कुडाळला कोनबॅक २००४ पासून बांबूच्या घरांचे आणि सामानाचे काम करते, ते मोलाचे आहे. परंतु बांबू ज्याच्या जमिनीत उभा आहे तो मालक बहुधा दुसराच. खोती मोडण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली मांडले, कायदा १९४९ साली झाला. तरीही ज्याच्याकडे कसायलाच जमीन नव्हती तो बांबूच्या बेटाचा मालक कसा होणार? आराखडा काढणारा आणि कांबी सोलणारा हे दोघे अजून वेगळे का, याचे उत्तर एका संस्थेकडे मागून चालणार नाही.

एडिसनने १८८० साली जपानी बांबूचा तंतू जाळून दिवा पेटता ठेवला. त्याच्याकडे प्रयोगशाळा होती आणि बांबू दूरदेशाहून मागवावा लागला. मालवणात बांबू दाराशी होता. तिथल्या बाजारातून मासळीच्या पाट्या हटल्या, प्लास्टिकचे क्रेट आणि थर्माकोलच्या पेट्या आल्या. बर्फ धरील अशी बांबूची पेटी होऊ शकते काय, हा प्रश्न ज्यांच्या हाताला सुचला असता त्यांतले कितीतरी तोवर मुंबईच्या गोदीत आणि गिरणीत गेले होते, आणि त्यांची शिकलेली मुले कारकुनीच्या परीक्षांना बसली होती.