भाड्याच्या जागेंतील अक्षरें

नवें मासिक निघालें कीं त्याचा पहिला अंक इतर संपादकांकडे यावा, त्यांनीं त्याची पोंच द्यावी आणि चार ओळींचा अभिप्राय लिहावा, अशी आपल्या वाङ्मयव्यवहारांतील जुनी रीत आहे. त्या चार ओळींत कागद, छपाई, वर्गणी आणि मजकूर या चोहोंचा विचार होत असे. अलीकडे मासिकांच्या जोडीला लिखित शब्दाचीं नवीं व्यासपीठें निघूं लागलीं आहेत. मोबाइलवर खातें उघडावें, चार ओळी लिहाव्या आणि त्या क्षणार्धांत अपरिचितांपुढें जाव्या, एवढाच त्यांचा व्यवहार. परंतु जेथें लक्षावधि लोक लिहितात व वाचतात, त्या या जागांची पोंच मात्र कोणी देत नाहीं. त्यांचें परीक्षण तर दूरच राहिलें. उद्यांच्या मराठी लेखनाचा कांहीं अंश तेथेंच प्रथम लिहिला जाणार असेल, तर हा आळस आपल्याला परवडणारा नाहीं.

हा विचार मनांत येण्यास आमचे पेण येथील एक स्नेही कारण झाले. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक असून, खाडीकांठच्या आगरी बोलींतील शब्द, म्हणी आणि मिठागरांवरील कामाचीं नांवें टिपून ठेवण्याचा त्यांना छंद आहे. रोज एक शब्द आणि त्याची चार ओळींची हकीकत, असें लेखन त्यांनीं पूर्वीं एका व्यासपीठावर सुमारें दोन वर्षें केलें. पुढें ती जागा बंद झाली. लेखन परस्पर मोबाइलवरच केलेलें असल्यामुळें घरीं प्रत नव्हती. त्या जागेचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. गेलेले शब्द त्यानें परत यावयाचे नाहींत. आतां त्यांनीं आम्हांस पत्र लिहून विचारलें कीं, पुन्हां आरंभ करावा असें मनांत आहे, तो कोणत्या ठिकाणीं करावा? त्यांस उत्तर देतां यावें म्हणून आम्हीं तीन ठिकाणीं खातीं उघडलीं व कांहीं महिने तेथें वावरलों. त्या वावराचा हा अभिप्राय आहे.

प्रथम गर्दीच्या जागेकडे वळूं. 'थ्रेड्स' हें व्यासपीठ मेटा कंपनीनें जुलै २०२३ मध्यें सुरू केलें आणि पहिल्या पांच दिवसांतच तेथें दहा कोटि खातीं उघडलीं गेलीं. ही संख्या ऐकून दिपून जाण्याचें कारण नाहीं. त्याच कंपनीच्या 'इन्स्टाग्राम'वर ज्यांचें खातें होतें, त्यांना केवळ मधलें दार ढकलावयाचें होतें. एका दिवाणखान्यांतील मंडळी दुसऱ्या दिवाणखान्यांत येऊन बसली, एवढाच त्याचा अर्थ. तथापि प्रवेशाची ही सुलभता आणि एका वेळीं ५०० अक्षरें लिहिण्याची मुभा हे त्याचे गुण मान्य केले पाहिजेत.

मात्र अशा मोठ्या जागांत नवागतानें एका गोष्टीविषयीं सावध असावें. त्याच्यापुढें जें येतें तें बहुतांशीं यंत्रानें निवडून वाढलेलें असतें. ज्यावर लोक अधिक वेळ रेंगाळतात तें पुढें आणावें, हा त्या यंत्राचा धर्म. आणि माणूस भांडणाजवळ अधिक रेंगाळतो, हें कोणत्याहि एस. टी. स्थानकावर पाहावयास मिळतें. म्हणून यंत्रानें वाढलेलें ताट बाजूला सारून, आपण स्वतः निवडलेल्या लेखकांचेंच लेखन दिसेल अशी सोय प्रथम शोधावी. ती बहुतेक ठिकाणीं असते; मात्र ती आपण होऊन शोधावी लागते.

दुसरा आक्षेप लघुतेचा. चार ओळींत काय वाङ्मय होणार, असें आमच्या पिढींतील पुष्कळांस वाटतें. तें आम्हांस पटत नाहीं. पेण तालुक्यांतीलच गागोदें येथें १८९५ सालीं जन्मलेल्या विनोबांची 'विचारपोथी' लहान लहान विचारांचीच आहे. पण तिच्या लघुतेवरून तिला कोणी हलकी ठरविलेली नाहीं. तेथें लहान वाक्याच्या मागें दीर्घ मनन उभें आहे. या नव्या जागांवर पुष्कळदां लहान वाक्य मननाच्या ऐवजीं लिहिलें जातें. तेव्हां ठपका ठेवावयाचा तो घाईवर ठेवावा, मापावर ठेवूं नये.

मापाच्या बाबतींत मात्र मराठी लेखकानें एक हिशेब अवश्य करावा. रोह्याच्या कुंडलिका नदीचें नांव आपण चार अक्षरी समजतों. ट्विटर, म्हणजे २०२३ पासून ज्याचें नांव 'एक्स' झालें तें व्यासपीठ, यांच्या मोजणींत तेंच नांव आठ भरतें. कारण क, त्याचा उकार आणि त्यावरील अनुस्वार हीं तेथें तीन निरनिराळीं चिन्हें धरलीं जातात. 'स्त्री' हा एकाक्षरी शब्द तेथें सहा भरतो. पैसे न भरणाऱ्यास तेथें २८० ची मर्यादा आहे. 'ब्लूस्काय' या व्यासपीठाची मर्यादा ३०० ची, म्हणजे वरवर पाहतां थोडीशीच मोठी; परंतु तेथें कानामात्रा वेगळ्या मोजल्या जात नाहींत, आणि 'कुंडलिका' चारच राहते. त्यामुळें मराठी लेखकाला तेथें जवळजवळ दुप्पट जागा मिळते. ज्याला म्हणीची हकीकत सांगावयाची आहे, त्याला हा फरक लहान नाहीं.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. तो आयुष्याचा आहे. २०२० सालीं बंगळूरहून निघालेलें 'कू' हें व्यासपीठ प्रथम कानडींत आणि पुढें हिंदी, मराठी इत्यादि भाषांत चालूं लागलें. इंग्रजी न जाणणाऱ्यालाहि आपल्या भाषेंत दार उघडें असावें, ही त्याची भूमिका निःसंशय स्तुत्य होती. त्याच वर्षीं केंद्र सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेंत त्याला पारितोषिक मिळालें; २०२१ च्या आरंभीं सरकार व ट्विटर यांच्यांत खटके उडाले, तेव्हां मंत्र्यांनीं व सरकारी खात्यांनीं तेथें आपलीं बिऱ्हाडें मांडलीं. असें असूनहि, मोठ्या कंपन्यांशीं चाललेलीं बोलणीं फिसकटल्यावर, जुलै २०२४ मध्यें तें बंद होत असल्याचें चालकांनीं जाहीर केलें. हें एकच उदाहरण नव्हे. 'ऑर्कुट' २०१४ मध्यें मिटलें, सर्वसाधारण लोकांचें 'गूगल प्लस' २०१९ मध्यें मिटलें; आणि या दोहोंच्या मागें गूगलसारखी धनाढ्य कंपनी होती. राजाश्रय, स्वभाषा आणि द्रव्य, यांपैकीं कशानेंहि अशा जागेला दीर्घायुष्याची हमी मिळत नाहीं.

नियतकालिकें बंद पडतात, त्यांत नवें तें काय, असें कोणी म्हणेल. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं सुरू केलेलें 'दर्पण'हि १८४० मध्यें बंद पडलें. पण दर्पण बंद पडलें म्हणून वर्गणीदारांच्या घरीं गेलेले अंक कोणी परत नेले नाहींत. छापलेला कागद अनेकांच्या मालकीचा झाला होता. त्यामुळेंच शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९५० सालीं, बाळशास्त्र्यांचें लेखन संकलित होऊन ग्रंथरूपानें प्रसिद्ध होऊं शकलें. या नव्या जागांत सर्व प्रति एकाच धन्याच्या कोठारांत असतात. कोठाराला कुलूप पडलें कीं वाचक व लेखक दोघेहि बाहेर. २०१६ सालीं मराठी मंडळींनीं ट्विटरवर ट्विटरसंमेलन भरविलें, तेव्हां कथा, कविता, बोलीभाषा, प्रवास अशा विषयांवर उत्साहानें लेखन झालें. तो उपक्रम आम्हांस मनापासून आवडला. परंतु त्यांतील वेचक मजकूर आज एखाद्या ग्रंथालयांत मागावयास गेलें तर काय हातीं लागेल, हा प्रश्न मनांतून जात नाहीं.

या अडचणीवर उपाय शोधणारीं दोन व्यासपीठें आहेत. त्यांची रचना रोहा स्थानकाच्या उदाहरणावरून सहज समजेल. १९९८ सालीं कोकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हां मध्य रेल्वेची हद्द रोह्यास संपली आणि तेथून कोकण रेल्वेची सुरू झाली. परंतु पेणहून चिपळुणास निघालेल्या प्रवाशावर रोह्याला उतरून, सामान घेऊन, नवें तिकीट काढण्याचा प्रसंग आला नाहीं. मालक दोन असले तरी रुळांची रुंदी दोघांनीं एकच मानली होती. 'मॅस्टोडॉन' हें २०१६ मध्यें ऑयगेन रोखको या जर्मनींतील तरुणानें सुरू केलेलें व्यासपीठ याच तत्त्वावर चालतें. तेथें एक धनी नसून हजारों लहान लहान केंद्रें आहेत, आणि एका केंद्रावरचा मनुष्य दुसऱ्या केंद्रावरच्याशीं सहज बोलतो. कारण २०१८ सालीं जागतिक वेब-संघानें मान्य केलेला 'ॲक्टिव्हिटीपब' नांवाचा एकच नियम सर्वांनीं पत्करला आहे.

तथापि त्याचेंहि आंधळें कौतुक करणें बरें नव्हे. आरंभींच कोणतें केंद्र निवडावें या प्रश्नानें नवागत गोंधळतो. शिवाय एका केंद्रावरून दुसऱ्यावर बिऱ्हाड हलविलें तर फॉलोअर बरोबर येतात, पण जुनें लेखन मागें राहतें. त्याची प्रत उतरून घेतां येते, नव्या घरांत ती मांडतां येत नाहीं. 'ब्लूस्काय' हें २०१९ मध्यें ट्विटरच्याच घरांत कल्पिलेलें, पुढें वेगळें झालेलें आणि फेब्रुवारी २०२४ पासून निमंत्रणाशिवाय सर्वांस खुलें असलेलें व्यासपीठ. तेथें लेखनासह खातें दुसरीकडे नेण्याची तरतूद आहे. परंतु बहुतेकांचीं खातीं अद्यापि त्या कंपनीच्याच यंत्रांवर आहेत, म्हणजे वाट आहे, पण तीवरून चालणारे थोडे. या दोन्ही ठिकाणीं मराठी लिहिणारे आम्हांस विरळ आढळले. हा दोष त्या जागांचा नव्हे, आपला आहे.

एवढें पाहिल्यावर आमचें मत असें झालें आहे कीं, दार उघडें ठेवणारी जागा शक्यतों पसंत करावी. पण गर्दीच्या जागेशींहि वैर धरूं नये. कोठेंहि गेलें तरी पहिला महिना वाचण्यांत व उत्तरें देण्यांत घालवावा. परक्या गांवांत गेलेला शहाणा मनुष्य पारावर बसतांच व्याख्यान सुरू करीत नाहीं. आपल्या विषयाचीं वीस-पंचवीस माणसें हुडकावीं, त्यांच्याशीं मराठींत आणि देवनागरींत बोलावें, आणि मग आपला शब्द पुढें ठेवावा. लक्ष वाचकांच्या मागें धांवूं नये. एका आगरी शब्दावर दुसऱ्या खाडीवरचा एखादा वृद्ध 'आमच्याकडे याला निराळें म्हणतात' असें सांगेल, तर तेवढ्यानें त्या दिवसाचें लेखन सार्थकीं लागलें. छापील मासिकाला जें महिन्याभरानें साधतें तें या जागांना घटकाभरांत साधतें. त्यांचा खरा लाभ हाच होय.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पेणकरांना आम्हीं सांगावी असें नाहीं. त्यांच्या गांवांतील गणपतीच्या कारखान्यांत ती दर वर्षीं घडते. मूर्ति घडते, रंगते, डोळ्यांची आखणी होते, आणि ती दूरदूरच्या गांवीं जाऊन अखेर पाण्यांत विसर्जित होते. कारागीर त्याबद्दल शोक करीत बसत नाहीं, कारण साचा कारखान्यांतच असतो. व्यासपीठावर जाणारें लेखन ही विसर्जनाला निघालेली मूर्ति समजावी, आणि साचा घरीं ठेवावा: वहींत असो, संगणकांत असो, पण आपल्या हाताखालीं असावा. वर्षाअखेरीस त्याची एक छापील प्रत काढून गांवच्या वाचनालयांत द्यावी, म्हणजे ती आपल्याहूनहि अधिक काळ टिकेल.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं याच आशयाचें पत्र पाठविलें आहे. गेलेल्या शब्दांपैकीं जेवढे आठवतील तेवढे प्रथम वहींत उतरावे, जे आठवणार नाहींत ते खाडीवरच्या म्हाताऱ्या माणसांस पुन्हां विचारावे, आणि मगच खातें उघडावें, अशी विनंती त्यांत केली आहे. खात्याचें नांव त्यांनीं कळवितांच त्यांचा पहिला वाचक होण्याचा मान आम्ही घेऊं.