ना जहाज, ना कारखाना : ‘कानीकोसेन’मधील कामाचे तास आणि व्यवस्थापकाचे चित्रण

कामगारजीवनावरील कथात्मक वाङ्मयाचा विचार करताना टीकाकारांचे लक्ष बहुधा दोन गोष्टींकडे वेधले जाते : दारिद्र्याच्या वर्णनाकडे आणि संपाच्या वर्णनाकडे. या दोहोंच्या मध्ये एक रोजचा तंटा चाललेला असतो. आज आणखी किती वेळ काम करावयाचे, हे कोणी ठरवावे; ठरलेल्या वेळेपलीकडे घेतलेल्या श्रमाची नोंद कोणी ठेवावी; आणि ती न ठेवणाऱ्या वरिष्ठाविरुद्ध दाद कोठे मागावी, असे त्या तंट्याचे स्वरूप असते. वाङ्मयाच्या दृष्टीने हा तंटा क्षुल्लक समजला जातो. उपासमारीत करुणरस आहे, संपात वीररस आहे. हजेरीच्या वहीत मात्र कोणताच रस नाही, अशी ही समजूत असावी. जपानी लेखक कोबायाशी ताकिजी याची ‘कानीकोसेन’ ही लघुकादंबरी या समजुतीला चांगले उत्तर देते. खेकडे पकडून ते जागच्या जागी डब्यांत भरणारी बोट, असा या नावाचा अर्थ आहे. प्रस्तुत लेखात या कृतीतील व्यवस्थापकाचे चित्रण आणि कामाच्या वेळेचा प्रश्न यांचा परस्परसंबंध तपासावयाचा आहे.

१

ही कादंबरी १९२९ साली ‘सेन्की’ या मासिकातून प्रसिद्ध झाली. लेखक त्या वेळी होक्काइदो बेटावरील ओतारू या गावी एका बँकेत नोकरीस होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला ती नोकरी गमवावी लागली. पुढे २० फेब्रुवारी १९३३ रोजी पोलिसांच्या कोठडीत झालेल्या छळाने त्याचा अंत झाला. कादंबरीस १९२६ मधील खऱ्या घटनांचा आधार होता. कामचात्काच्या समुद्रात जाणाऱ्या अशाच बोटींवरील हालअपेष्टांची आणि एका बोटीच्या जलसमाधीची वृत्ते त्या वर्षी प्रसिद्ध झाली होती.

कथानक थोडक्यात असे आहे. ‘हाक्को-मारू’ नावाची जुनाट बोट हाकोदाते बंदरातून उत्तरेकडे निघते. तीवर शेतकरी, खाणकामगार, विद्यार्थी, कोळी आणि चौदा-पंधरा वर्षांची पोरे भरलेली आहेत. बोटीवर कप्तान आहे. परंतु सत्ता चालते ती कंपनीचा व्यवस्थापक असाकावा याची. अमानुष श्रम, मारहाण आणि आजारपण यांतून हळूहळू कामगारांत एकी निर्माण होते. ते प्रथम काम मंद करतात, नंतर संप पुकारतात. मदतीस येईल अशी ज्या आरमारी नौकेविषयी त्यांची समजूत असते, तीच नौका त्यांच्या नऊ प्रतिनिधींना पकडून नेते. तेथे न खचता ते पुन्हा एकवार उठतात, आणि हा दुसरा संप यशस्वी होतो.

या कादंबरीस नायक नाही. समूह हाच नायक, असा आपला हेतू असल्याचे लेखकाने कुराहारा कोरेहितो या समीक्षकास लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले होते. या विशेषाची चर्चा पुष्कळ झाली आहे. तथापि ज्या कृतीत नायकाला नाव नाही त्या कृतीत खलपुरुषाला मात्र ठळक नाव आणि चेहरा आहे, या विषमतेचा विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो. प्रस्तुत विवेचनाचा आरंभ येथूनच करणे इष्ट आहे.

२

असाकावाच्या हाती सोटा आहे, पिस्तूल आहे. लपून बसलेल्या एका मजुराचा शोध लावणाऱ्यास तो बक्षीस लावतो. ‘चिचिबु-मारू’ ही शेजारची बोट बुडत असल्याची हाक बिनतारी यंत्रावर येते, तेव्हा मदतीस जाऊ पाहणाऱ्या कप्तानाला तो अडवितो. बोट कंपनीने भाड्याने घेतली आहे, वेळ वाया घालविण्याचा अधिकार कप्तानाला नाही, आणि बुडणाऱ्या बोटीचा विमा भारी असल्याने ती बुडण्यातच लाभ आहे, असा त्याचा युक्तिवाद असतो. चारशेहून अधिक जिवांचा प्रश्न येथे एका दिवसाच्या हिशेबाने निकालात निघतो. कादंबरीतील हा प्रसंग सर्वांत भेदक मानला जातो, आणि ते योग्यच आहे. कारण येथे असाकावा ओरडत नाही, मारत नाही. तो केवळ वेळ कोणाच्या मालकीची आहे हे सांगतो.

काम वाढवून घेण्याची त्याची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. आरंभी तो खलाशी एका बाजूस आणि कोळी व मजूर दुसऱ्या बाजूस अशी चढाओढ लावतो. दोन्ही पक्ष ईर्षेने राबतात, डब्यांची संख्या वाढते. काही दिवसांनी ईर्षा ओसरते, तेव्हा अधिक काम करणाऱ्यास बक्षीस आणि सर्वांत कमी काम करणाऱ्यास तापलेल्या लोखंडाचा डाग, असा नियम जाहीर होतो. या चढाओढीला तो राष्ट्रकार्याचे वस्त्र चढवितो. हा प्रश्न एका कंपनीच्या नफ्याचा नव्हे, तर जपान आणि रशिया यांच्यातील सामर्थ्याचा आहे, असे तो कामगारांस ऐकवितो. म्हणजे जादा कामाची मागणी येथे मागणी म्हणून येतच नाही. ती प्रथम खेळ म्हणून येते, मग निष्ठा म्हणून, आणि सरतेशेवटी शिक्षा म्हणून. ज्या क्रमाने ही रूपे पालटतात तो क्रम लेखकाने फार अचूक टिपला आहे. ज्याने कोणत्याही कचेरीत किंवा कारखान्यात ठरल्या वेळेनंतर थांबण्याचा आग्रह अनुभवला असेल, त्याला यातील पहिल्या दोन पायऱ्या ओळखीच्या वाटतील.

येथेच या चित्रणाची मर्यादाही दिसू लागते. तापलेले लोखंड आणि पिस्तूल यांच्या झगमगाटात त्या पहिल्या दोन पायऱ्या वाचकाच्या नजरेआड होतात. असाकावा इतका क्रूर आहे की अन्याय म्हणजे क्रौर्य, असे समीकरण मनात सहज तयार होते. मग जो व्यवस्थापक मारहाण करीत नाही, गोड बोलतो आणि तरीही दोन तास अधिक बसवून घेतो, त्याला अन्यायी म्हणण्याचे शब्दच वाचकापाशी उरत नाहीत.

३

परंतु कादंबरीत दुसरीही एक दृष्टी आहे, आणि माझ्या मते तीच तिची खरी उपलब्धी होय. आरंभीच्या भागात लेखक कथनाचा ओघ थांबवून या बोटींचे कायद्यातील स्थान सांगतो. समुद्रावर चालत असूनही या बोटी जहाजांत मोडत नाहीत. म्हणून नौकानयनाचे नियम त्यांना लागू नाहीत. आत यंत्रे आणि मजूर असूनही त्या कारखान्यांत मोडत नाहीत. म्हणून कारखान्यांचा कायदाही लागू नाही. असाकावाचा सोटा ज्या मोकळ्या जागेत फिरतो, ती जागा या दोन नकारांनी निर्माण केली आहे.

या मांडणीची ऐतिहासिक बाजू तपासली असता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. जपानचा कारखान्यांचा कायदा १९११ साली संमत झाला व १९१६ मध्ये अमलात आला. कामाच्या तासांबाबत त्याचे संरक्षण मुख्यतः स्त्रिया व अल्पवयीन यांच्यापुरते होते. प्रौढ पुरुषांचे तास त्याने बांधून दिले नव्हते. म्हणजे ‘हाक्को-मारू’ला कारखाना म्हटले असते, तरी तीवरील पोरांना काही आधार मिळाला असता; प्रौढ कोळ्यांना तासांच्या बाबतीत फारसे काही लाभले नसते. लेखकाचे विधान त्यामुळे चुकीचे ठरत नाही, उलट त्याची व्याप्ती वाढते. नियमाबाहेर राहण्याचे दोन मार्ग असतात : जागेला नियमातून वगळणे, आणि माणसाला नियमातून वगळणे. कोबायाशीने पहिला मार्ग दाखविला. दुसरा त्याच्या कथेत सूचित राहिला.

मराठी वाचकास हा प्रकार नवखा वाटण्याचे कारण नाही. हिंदुस्थानातील १८८१ चा पहिला कारखाने कायदा शंभर वा अधिक कामगारांच्या यांत्रिक कारखान्यांपुरताच होता, आणि त्यातील तासांचे बंधन केवळ मुलांसाठी होते. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या तासांना कायद्याची पहिली मर्यादा पडली ती १९११ मध्ये, आणि तीही बारा तासांची. तत्पूर्वी १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सह्या केलेल्या मागण्यांत रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त अशी कामाची वेळ, या मागण्या होत्या. कामाचा दिवस कोठे संपतो याची निश्चित कड मागणे हीच या चळवळीची पहिली भाषा होती.

४

या पार्श्वभूमीवर कादंबरीतील मंद कामाचा भाग पाहिला म्हणजे त्याचे महत्त्व कळते. संपाच्या दृश्यांत आवेश आहे. पण कलेच्या दृष्टीने मंद कामाचा भाग अधिक सरस आहे. कोणी नकार देत नाही, कोणी घोषणा करीत नाही. हात चालत असतात, फक्त त्यांचा वेग कामगार ठरवू लागतात. घड्याळ असाकावाच्या हातून नकळत निसटते, आणि त्याचा सोटा कोणावर उगारावा हेच त्याला समजेनासे होते. समूहाला नायक करण्याचा लेखकाचा हेतू येथे पूर्णतः साधला आहे, कारण ही कृती एकट्याने करताच येत नाही. एकटा मंदावला तर तो आळशी ठरतो. सर्व मंदावले तर तो तंटा ठरतो.

पहिल्या संपाच्या अपयशातून कामगार जो धडा घेतात, तोही याच विचाराशी सुसंगत आहे. नऊ जणांना पुढे करून आपण त्यांना उघडे पाडले. सर्वांनीच पुढे व्हावयास हवे होते, असे त्यांना उमगते. मात्र दुसऱ्या संपाचे यश आणि त्यानंतरची हकीकत लेखकाने पुरवणीवजा टिपणात उरकली आहे. त्या टिपणात एक विलक्षण गोष्ट येते : गोंधळ होऊ दिल्याबद्दल कंपनी असाकावाला एक छदामही न देता काढून टाकते, आणि आपण इतके दिवस फसविले गेलो, असा उद्गार त्याच्या तोंडून निघतो. दुसऱ्याच्या वेळेचा मालक म्हणून वावरणारा हा मनुष्य स्वतःच्या वेळेचाही मालक नव्हता. कादंबरीचा सारा आशय ज्या एका घटनेत एकवटला आहे, ती घटना अशी ओझरती सांगितली जावी, हा रचनेतील मोठा दोष होय. असाकावा हा अन्यायाचा उगम नसून अन्यायाचा पगारी नोकर आहे, हे वाचकाने प्रसंगातून अनुभवावयास हवे होते. ते त्याला वृत्तांतातून कळते.

५

प्रसिद्धीनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी, २००८ साली, ही कादंबरी जपानात एकाएकी पुन्हा वाचली जाऊ लागली. त्या वर्षी जानेवारीत अमामिया कारिन आणि ताकाहाशी गेनइचिरो या लेखकांच्या वृत्तपत्रीय संवादात तिचा उल्लेख आला. पुढे तिच्या लाखो प्रती खपल्या आणि ‘कानीकोसेन’ हा शब्द त्या वर्षाच्या प्रचलित शब्दांच्या यादीत गेला. हंगामी आणि कंत्राटी नोकऱ्या करणाऱ्या तरुणांना तीत आपले जीवन दिसले, असे तेव्हा सांगितले गेले. त्यांच्या कामाच्या जागी पिस्तूल नव्हते, तापलेले लोखंड नव्हते. मग त्यांना काय ओळखीचे वाटले असावे?

त्याच जानेवारीत टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने दिलेला एक निकाल या प्रश्नावर प्रकाश टाकतो. १९४७ च्या जपानी श्रममान कायद्याचे ४१ वे कलम व्यवस्थापन व देखरेख करणाऱ्यांना तासांच्या नियमांतून वगळते. मॅकडोनाल्ड्स या उपाहारगृहांच्या कंपनीने आपल्या दुकानप्रमुखांना या कलमाखाली धरून जादा वेळेचे वेतन नाकारले होते. त्यांच्या हाती तसे अधिकार नाहीत, म्हणून नावापुरता हा हुद्दा त्यांचा हक्क हिरावून घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. येथे दुसरा मार्ग उघड झाला : बोटीला कारखाना न म्हणण्याऐवजी कामगाराला व्यवस्थापक म्हणावयाचे. आपल्याकडेही औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ याने ‘कामगार’ या संज्ञेतून व्यवस्थापकीय व प्रशासकीय काम करणाऱ्यांना वगळले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही ते वगळलेलेच आहेत. हुद्द्याच्या नावावरून निर्णय करू नये, प्रत्यक्ष कामावरून करावा, असे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. ते वारंवार सांगावे लागते, यावरूनच या युक्तीचे आकर्षण किती आहे हे समजावे.

‘कानीकोसेन’चे मूल्यमापन करताना या दोन दृष्टींत भेद करणे अवश्य आहे. व्यवस्थापकाच्या क्रौर्याची तिची दृष्टी भडक आहे, आणि काही अंशी दिशाभूल करणारीही आहे. शब्दांच्या फटीतून माणसाचे तास कसे गळून जातात, ही तिची दुसरी दृष्टी शांत आहे, आणि तीच अधिक टिकाऊ ठरली. पहिलीने कादंबरीला वाचक मिळवून दिले असतील. दुसरीने ते ऐंशी वर्षांनंतर परत आणले, असे अनुमान करण्यास हरकत नाही. कामगारजीवनावर लिहू इच्छिणाऱ्या मराठी लेखकाने असाकावाच्या सोट्यापेक्षा त्या दोन नकारांपाशी अधिक वेळ थांबावे. हजेरीच्या वहीत कोणाचे नाव कोणत्या रकान्यात लिहिले जाते, आणि कोणाचे मुळीच लिहिले जात नाही, या साध्या नोंदीत एका थोर कादंबरीचा विषय अद्याप वाट पाहत आहे.