पावाचं पिल्लू

मे महिन्यातली दुपार, धरमपेठेत ट्रॅफिक पार्कच्या मागच्या गल्लीतलं आमचं घर, कूलरची घरघर, आणि जेवणाच्या टेबलाशी उभी राहून माझी मावसबहीण आम्हाला जर्मनमध्ये ‘मला थंडी वाजते’ म्हणायला शिकवत होती. आजी म्हणाली, “काय शिकवून राहिली गं तू? पंचेचाळीस डिग्रीत थंडी!”

बहीण पुण्याला जर्मनमध्ये एम.ए. करते. तिला शिक्षिका व्हायचंय. सुट्टीत सराव म्हणून तिला काही तास घ्यायचे होते, आणि विद्यार्थी म्हणून मिळालो आम्ही तिघं : मी, शेजारचा बारावीतला मुलगा आणि चौथीनंतर शाळा सुटलेली आजी. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एका क्लासमध्ये थोडं जर्मन शिकले होते, म्हणून त्यातली जाणकार मीच. हा समज पहिल्या तासालाच मोडला.

टेबलावरचं पुस्तक होतं ‘नेत्सवेर्क नॉय’, पहिली पातळी, क्लेट प्रकाशनाचं, २०१९चं. भारतात जर्मन शिकणारे पुष्कळ लोक याच पुस्तकातून जातात. पुस्तक चांगलं आहे हे आधी सांगते. बारा धडे आहेत, आणि व्याकरण आधी पाठ करा मग बोला असा हट्ट नाही. माणसं भेटतात, हॅम्बुर्गमध्ये फिरतात, खरेदी करतात, घर शोधतात, आणि त्या ओघात नियम येतात. मांडणी इतकी विचारपूर्वक केलीय की कुठल्या पानावर शिकणाऱ्याची दमछाक होईल हे लेखकांना ठाऊक होतं असं वाटतं. माझ्या व्यवसायात अशी कामं करणाऱ्यांना आम्ही बऱ्यापैकी पगार देतो.

पण हे पुस्तक जगातल्या सगळ्यांसाठी आहे. सूचना जर्मनमध्ये, व्याकरणाचे तक्ते जर्मनमध्ये. समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात आधीपासून कुठली भाषा आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असावं अशी अपेक्षाही नाही. ते काम शिक्षकाचं. माझी तक्रार इथून सुरू होते, आणि ती पुस्तकापेक्षा शिक्षक घडवणाऱ्यांबद्दल जास्त आहे.

थंडीचंच बघा. जर्मनमध्ये म्हणायचं ‘मिर इस्ट काल्ट’. शब्दशः, ‘मला थंड आहे’. मी आत्मविश्वासानं म्हणाले, ‘इश बिन काल्ट’, म्हणजे ‘मी थंड आहे’. मी ‘आय अ‍ॅम कोल्ड’वरून गेले होते. आजीला इंग्रजीचा रस्ताच माहीत नाही. तिनं एकदा ऐकलं, “म्हणजे ‘मला’ आधी, हो नं?” असं विचारलं आणि वाक्य बरोबर म्हटलं. मराठीत थंडी, भूक, राग, आवड सगळं ‘मला’ होतं, ‘मी’ते करत नाही. जर्मनमध्ये हे सर्रास नसलं तरी पुष्कळ ठिकाणी आहे. याच पुस्तकातल्या शेवटाकडच्या एका धड्याचं नावच ‘जॅकेट मला आवडलं’ असं आहे, आणि तिथला ‘मिर’ म्हणजे आपलं ‘मला’च. माझ्या जुन्या क्लासमध्ये सरांनी यावर फळ्यावर इंग्रजीत अर्धा तास खर्च केला होता. वर्गात मराठी येणारे आम्ही चौदा-पंधरा जण होतो, आणि सरही त्यातलेच.

मग लिंगं. डेर, डी, डास. (आजी : “डास तर इथं पुष्कळ आहेत.”) तो, ती, ते. इंग्रजीत नाही, हिंदीत दोनच, मराठीत तीन, जर्मनमध्ये तीन. यातून लगेच फायदा होतो असं मात्र समजू नये. आपला सूर्य ‘तो’, त्यांचा ‘ती’. आपलं टेबल ‘ते’, त्यांचं ‘तो’. शब्द पाठच करावे लागतात. पण निर्जीव वस्तूला लिंग असतं, याचं नवल मराठी माणसाला मुळातच वाटत नाही.

आणि ‘मेडशेन’. म्हणजे मुलगी, आणि जर्मनमध्ये ती नपुंसकलिंगी. मार्क ट्वेननं १८८०च्या ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’मध्ये जर्मन भाषेची जी टर उडवली त्यात हा विनोद आहे : तरुण मुलीला लिंग नाही आणि सलगमाला आहे! जगभरच्या जर्मन वर्गांत तो अजून फिरतो. मलाही सांगितला गेला होता आणि मी हसले होते. आजी हसली नाही. तिनं विचारलं, “लहान पोरगी असंल. लेकरू कसं, ते लेकरूच नं?” बहिणीच्या हातातला खडू थांबला. कारण नियम नेमका तोच आहे. शब्दाला ‘शेन’ लागला की वस्तू लहान होते आणि नपुंसकलिंगी होते. आपल्याकडे लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, पिल्लू, सगळी ‘ते’. कोकणीत तर लहान मुलीसाठी नपुंसकलिंगच वापरतात. पुढच्या धड्यात नाश्त्याचा ‘ब्रोटशेन’ आला. ब्रोट म्हणजे पाव. आजीनं स्वतःहून भाषांतर केलं, “पावाचं पिल्लू.” तो विनोद इंग्रजी बोलणाऱ्याचा होता, आणि आम्ही तो पदरचे पैसे भरून आयात केला होता.

आकड्यांचं तर हसावं की रडावं असं आहे. जर्मनमध्ये एकवीस म्हणजे ‘एक-आणि-वीस’. मला शिकवलं गेलं की जर्मन लोक आकडे उलटे म्हणतात. उलटे कोणापेक्षा? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आपण एकवीस-बावीससाठी भांडलो. तिकडे बोखुमचे गणितज्ञ लोथार गेरिट्झेन यांनी २००४ मध्ये ‘वीस-एक’ या अर्थाच्याच नावाची संघटना काढली. दोन्ही भाषांचं दुखणं एक आहे, हे एखाद्या वर्गात सांगितलं तर मुलं तो आकडा आयुष्यभर विसरणार नाहीत.

शिक्षकांसाठी ग्योथे इन्स्टिट्यूटची ‘डॉइच लेरेन लेर्नेन’, म्हणजे जर्मन शिकवायला शिका, अशी मालिका आहे. तिच्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे शिक्षकानं स्वतःच्या वर्गाबद्दल एक छोटा प्रश्न ठरवायचा, काही करून पाहायचं, निरीक्षण करायचं आणि सहकाऱ्यांशी बोलायचं. शिक्षकाला हमाल न मानता विचार करणारा माणूस मानणारी ही पद्धत आहे. ‘इंग्रजीनंतरची जर्मन’ असंही एक शास्त्र आहे, आधीच्या परक्या भाषेचा पूल करून पुढची शिकवण्याचं. छान आहे, पण तो पूल इंग्रजीचा. मराठीचा पूल म्युनिकमध्ये बसून कोण बांधणार? तो पुण्या-नागपुरातच बांधावा लागेल, आणि बांधू शकणारी मुलं एम.ए.च्या वर्गात बसलेलीच आहेत. बहिणीनं एका ठिकाणी सरावाच्या तासाला मराठीतलं एक उदाहरण दिलं, तर निरीक्षकांनी शेरा मारला : मातृभाषेचा वापर टाळावा.

बहीण मात्र माझ्याइतकी चिडत नाही. ती म्हणते, “ताई, तू एका वर्गात शिकलीस, मला दहा वर्ग घ्यायचेत. नागपुरातल्या वर्गात हिंदीवाले, सिंधी, तेलुगू, बंगाली सगळे असतात. मी मराठीत सुरू झाले तर बाकीच्यांनी काय करायचं? आणि एकदा मराठीची सवय लागली की मुलं जर्मन बोलतच नाहीत.” हे खरं आहे. नुसतं भाषांतर करून शिकवणारे शिक्षकही आपण पाहिलेत. ‘मुझे ठंड लग रही है’ चालतं, पण लेकराचा नियम हिंदीवाल्याला कसा सांगणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पण वर्ग बदलणार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशांना जर्मन शिकवून तिकडे पाठवायचं. हे शिकणारे माझ्यासारखे इंग्रजीतून विचार करणारे असतीलच असं नाही. आयटीआयमधल्या मुलाला इंग्रजीच्या पुलावरून न्यायचं म्हणजे आधी तो पूल त्याच्याकडून बांधून घ्यायचा. तो परीक्षेत नापास झाला, तर त्याला भाषा जमत नाही असं आपण म्हणू. त्याचं घर आणि कर्ज त्या निकालावर उभं असेल.

परत जायच्या आदल्या दिवशी बहिणीनं मला तिच्या नव्या पाठाचं टाचण दाखवलं. वेळ, कृती, साहित्य, उद्दिष्ट, असे नेहमीचे रकाने. शेवटी पेन्सिलनं एक जास्तीचा रकाना आखला होता : ‘वर्गात कोणाला हे आधीच येतं?’ त्यात मराठी, हिंदी, तेलुगू असे तीन भाग होते. मराठीचा भरला होता, हिंदीचा अर्धा. तेलुगूसाठी ती गोकुळपेठ बाजारात आजीच्या ओळखीच्या एका काकूंना गाठायला निघाली होती. ऊन उतरायची वाट बघत होती.