‘फकिरा’च्या मलपृष्ठावरचे अण्णा भाऊ

‘फकिरा’च्या तीन प्रती माझ्या टेबलावर आहेत. एक साताऱ्याच्या रद्दीवाल्याकडे मिळालेली, पुठ्ठा गेलेली. उरलेली दोन अलीकडची पुनर्मुद्रणे, सांगलीत घेतलेली. या दोन्हींवर लेखकाचा परिचय जवळपास एकच : जन्म १९२०, वाटेगाव, जिल्हा सांगली, शाळा दीड दिवस.

१९२० साली वाटेगाव सांगली जिल्ह्यात नव्हते. सांगली तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी. १९४९ साली साताऱ्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा निघाला आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० मध्ये. ‘फकिरा’ १९५९ ची. म्हणजे ती छापली गेली तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. हे खुसपट वाटेल. पण कादंबरीत मांगांच्या मानेवर बसते ती सरकारी हजेरी गुन्हेगार जमातींच्या इंग्रजी कायद्याची आहे. बंड कुणाविरुद्ध, हे त्या हजेरीवरून कळते.

दीड दिवसाची शाळा मला अधिक खुपते. माझे स्वतःचे शिक्षण बहुतांशी नगरवाचनालयात झाले, म्हणूनही असेल. गोष्ट खोटी नाही; पण मलपृष्ठावर ती चमत्कार होऊन बसते, आणि चमत्काराला कोणी ‘हे कुठे शिकलास?’ असे विचारत नाही. अण्णा भाऊ मुंबईच्या कामगार वस्तीत, चळवळीत, अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात शिकले. पोवाडा आणि तमाशा ही त्यांची शाळा, आणि ती दीड दिवसाची नव्हती. ‘फकिरा’ची बांधणी पाहा. नायकाच्या नावाची कादंबरी सुरू होते ती बापाच्या पराक्रमाने. रानोजी शिगावची जोगणी आणायला जातो, त्यात जीव गमावतो, आणि मुलाची गोष्ट त्या ऋणातून उभी राहते. शाहीर असाच पूर्वजापासून सुरुवात करतो. पुढे एकामागून एक लुटी येतात तेव्हा वेग थोडा एकसुरी होतो, हेही म्हटले पाहिजे. पण घरच्या माणसांना ओलीस धरल्यावर फकिरा स्वतःहून हजर होतो, तिथे लेखकाचा हात पुन्हा घट्ट बसतो.

पुस्तकाला प्रस्तावना खांडेकरांची. त्यांचा जन्म सांगली संस्थानातला. अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. १९६१ मध्ये राज्य पुरस्कार मिळाला, आणि १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले. अनुस्वार गळाले. बोलीतल्या संवादांत काय बदलले, कोणत्या आवृत्तीवरून छापले, याची एक ओळही माझ्या नव्या प्रतींत नाही. शब्दार्थांची यादी नाही, टीप नाही.

गेल्या १ ऑगस्टला वाटेगावात होतो. पुस्तकांच्या गाड्यावर कॉलेजातला एक मुलगा ‘फकिरा’ चाळत होता. मला विचारले, “काका, जोगणी म्हंजे काय ओ?” मी सांगू लागलो, तर गाडेवालाही हातातले काम ठेवून ऐकत राहिला.