बंद गिरणीचे वाचन : नांदेडची उस्मानशाही मिल आणि मराठी समीक्षेची चौकट

प्रस्तावना

मराठी साहित्यात 'गिरणी' हा शब्द उच्चारताच वाचकाच्या मनासमोर मुंबई उभी राहते. लालबाग, परळ, चाळ, भोंगा आणि १९८२ चा संप ही त्या प्रतिमेची अंगे आहेत. 'मराठवाडा' म्हटले की कोरडवाहू शेती, दुष्काळ, गावगाडा आणि स्थलांतर डोळ्यांसमोर येते. या दोन प्रतिमा इतक्या रूढ झाल्या आहेत की मराठवाड्यातही कापडगिरणी होती, तेथे पाळ्या चालत होत्या आणि ती बंद पडल्यावर एका शहराच्या जीवनात पोकळी निर्माण झाली, ही गोष्ट साहित्यचर्चेच्या कक्षेत सहसा येत नाही. नांदेडची उस्मानशाही मिल हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या बंद गिरणीकडे सांस्कृतिक संहिता म्हणून पाहण्याचा आणि त्या निमित्ताने मराठी समीक्षेच्या प्रचलित चौकटीची मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

नांदेड हे वस्त्रव्यवसायाचे जुने केंद्र आहे. येथील तलम मलमल आणि जरीकाठी वस्त्रे एकेकाळी नावाजलेली होती. १९०० च्या सुमारास सिकंदराबाद ते मनमाड हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला आणि गोदावरीच्या खोऱ्यातील कापूस मोठ्या बाजारपेठांशी जोडला गेला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत (१९११ ते १९४८) उभी राहिलेली 'उस्मानशाही मिल' ही या बदलाचीच परिणती होती. औरंगाबाद, गुलबर्गा, हैदराबाद आणि वरंगळ येथील गिरण्यांसह ती हैदराबाद संस्थानच्या औद्योगिक नकाशाचा भाग होती. वरंगळच्या गिरणीला निजामपुत्राच्या नावावरून 'आझमजाही' म्हटले जाई, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढे १९७४ च्या आजारी वस्त्रोद्योग राष्ट्रीयीकरण कायद्याने देशातील १०३ गिरण्या केंद्र सरकारकडे आल्या. त्यांत उस्मानशाहीचाही समावेश होता. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या व्यवस्थापनाखाली ती 'नांदेड टेक्सटाईल मिल' म्हणून ओळखली जाऊ लागली. नव्वदच्या दशकात महामंडळाच्या बहुतेक उपकंपन्या औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळापुढे गेल्या. जुनी यंत्रे, वाढता तोटा, यंत्रमागाची स्पर्धा आणि आधुनिकीकरणासाठी भांडवलाचा अभाव या कारणांनी अनेक गिरण्या कायमच्या बंद झाल्या आणि स्वेच्छानिवृत्ती योजनेतून कामगारांना घरी पाठविण्यात आले. नांदेडची गिरणीही याच ओघात बंद पडली.

या इतिहासातील नामांतराचा क्रम अर्थपूर्ण आहे. पहिले नाव राजाचे, दुसरे गावाचे आणि शासकीय महामंडळाच्या घटकाचे, तर तिसरे 'बंद मिल' हे लोकांनी दिलेले. सरंजामी राजवट, कल्याणकारी राज्य आणि उदारीकरणोत्तर काळ या तीन कालखंडांची खूण एकाच जागेच्या तीन नावांत उमटली आहे. एखाद्या कादंबरीतील पात्राचे नाव तीनदा बदलले असते, तर समीक्षकाने त्याची दखल घेतली असती. जागेच्या बाबतीत मात्र ती घेतली जात नाही.

गिरणीचे साहित्यरूप : मुंबईचा नमुना

मुंबईच्या गिरणीला मराठीत समर्थ साहित्यरूप लाभले. नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांनी कामगाराला कवितेचा विषय तर केलेच, शिवाय त्याला तिचा वक्ता केले. अण्णा भाऊ साठे यांच्या लावणीत गाव आणि गिरणगाव यांच्यातील ताटातूट आली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाने संपानंतरच्या गिरणगावातील एका कुटुंबाची पडझड रंगभूमीवर आणली.

'अधांतर'ची रचना प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. हे नाटक घडते ते चाळीतल्या खोलीत. गिरणी रंगमंचावर येत नाही, पण घरातील प्रत्येक माणसाचे जगणे तिच्या बंद पडण्याने ठरते. बेकार मुलगे, घर सावरणारी आई आणि एकमेकांवर फुटणारा संताप या सर्वांमागे ती असते. बंद गिरणीचा खरा अवशेष धुरांड्यात वा भिंतींत नसून माणसांच्या परस्परसंबंधांत असतो, ही जाणीव या नाटकाने दिली. भग्न वास्तूच्या सौंदर्यात रमणाऱ्या दृष्टीला हे नाटक मुळातच वाव देत नाही, आणि हेच त्याचे मोठेपण आहे.

तथापि, या नमुन्याचे सामर्थ्य हीच त्याची मर्यादाही ठरली. गिरणीचा अनुभव म्हणजे मुंबईचा अनुभव, असे समीकरण त्यातून रूढ झाले. १९९५ मध्ये परभणी येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारायण सुर्वे यांनी भूषविले होते. गिरणी कामगारांचा कवी मराठवाड्यात आला, त्याचे स्वागत झाले. परंतु तेथून जवळच असलेल्या नांदेडच्या गिरणीला त्या निमित्ताने साहित्यविषय म्हणून ओळख मिळाली, असे मात्र दिसत नाही.

कापूस आणि कापड यांच्या मधली जागा

मराठवाड्यातील साहित्याने शेतकऱ्याचे जीवन सामर्थ्याने चितारले आहे. भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेत टोमॅटोचा भाव पडल्यावर बाजारात होणारी शेतकऱ्याची परवड येते. लातूर जिल्ह्यातील रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' (१९७१) या कादंबरीत गावातील गंगाराम शिंप्याच्या कुटुंबाची वाताहत त्याच्या पत्नीच्या, पार्वतीच्या, मुखातून उलगडते. शेत, बाजार आणि कारागीर ही या साहित्याची तीन ठिकाणे म्हणता येतील.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. कापूस शेतात दिसतो, कापड शिंप्याच्या हातात दिसते. मग कापसाचे कापड जेथे होते ती मधली जागा कोठे आहे? ग्रामीण साहित्याच्या चर्चेत ती बहुधा गृहीत धरली जाते, दाखविली जात नाही. शेतमालाचे रूपांतर 'बाहेर कोठेतरी' होते, अशी धारणा त्यामागे असावी. मराठवाड्यातच ते रूपांतर करणारे हात होते, ही वस्तुस्थिती या धारणेत बसत नाही.

याचे एक कारण कालभानात शोधता येईल. ग्रामीण साहित्याचा काळ हंगामाचा आहे. पेरणी, सुगी आणि उन्हाळा यांच्या फेऱ्यातून त्याचे कथानक पुढे सरकते. कपाशीवर चालणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखानेही हंगामीच असतात, म्हणून ते या काळात सहज सामावतात. सूत आणि कापडाची गिरणी मात्र बारमाही चालते आणि तिचा काळ भोंग्याने मोजला जातो. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी हे वेळेचे विभाजन पावसाची वाट पाहणाऱ्या प्रदेशात सर्वस्वी नवे होते. एकाच घरात एक भाऊ नक्षत्रांवर आणि दुसरा पाळीवर जगत असेल, तर त्या घराचे कथन ग्रामीण की नागर, हे ठरविणे कठीण होते. ज्या अनुभवाला तयार खाना नाही, तो समीक्षेच्या नजरेतून निसटतो.

दुसरे कारण भाषेचे आहे. निजामकालीन राज्यव्यवहाराची भाषा उर्दू होती. नांदेड हे मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू यांच्या संगमावर वसलेले शहर आहे. त्यामुळे येथील गिरणीची स्मृती केवळ मराठीत साठलेली असण्याची शक्यता कमी आहे. मराठी साहित्याचा अभ्यासक फक्त मराठी संहिता वाचतो, उर्दूचा अभ्यासक फक्त उर्दू. आणि मधली गिरणी दोघांच्याही हातून सुटते.

लातूरचा पडताळा

हेच विवेचन लातूरच्या संदर्भात पडताळून पाहता येते. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फूट रुंदीचा मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. कापूस, तेलबिया आणि डाळी यांची बाजारपेठ म्हणून लातूरची जी भरभराट झाली, तिला या छोट्या गाडीचा मोठा आधार होता. २००८ पर्यंत हा मार्ग ब्रॉडगेज झाला. २०१६ च्या तीव्र टंचाईत मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते याच मार्गाने. ज्या वाटेने एकेकाळी या प्रदेशाचे धन बाहेर गेले, त्याच वाटेने शतकानंतर त्याच्यासाठी पाणी आले. दुष्काळाचे वर्णन करणारे साहित्य या घटनेतील पाण्याकडे पाहते, रुळांकडे पाहत नाही. औद्योगिक भूतकाळ विसरला की दुष्काळही केवळ निसर्गाचा कोप वाटू लागतो. त्यामागील आर्थिक रचना दिसेनाशी होते.

अवशेषांकडे पाहण्याच्या तीन दृष्टी

बंद कारखान्याकडे पाहण्याच्या तीन दृष्टी संभवतात. पहिली स्मरणरंजनाची. वेलींनी वेढलेल्या भिंती, गंजलेली यंत्रे आणि फुटक्या काचा यांचे छायाचित्र ती काढते; मात्र त्यात कामगार नसतो. दुसरी दृष्टी बाजाराची. तिला वास्तू दिसत नाही, भूखंड दिसतो. मुंबईतील फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला आणि धुरांडे शोभेची वस्तू म्हणून उरले. तिसरी दृष्टी स्मृतीच्या जतनाची. जर्मनीतील एसेन येथील त्सोलफेराइन ही कोळसाखाण १९८६ मध्ये बंद झाली आणि २००१ मध्ये तिची जागतिक वारसा स्थळांत नोंद झाली.

या तिसऱ्या दृष्टीलाही एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. वारसा कोणाचा? नांदेडच्या संदर्भात 'उस्मानशाही' हे नाव उच्चारताच चर्चा निजामी राजवटीच्या बऱ्या-वाईटाकडे वळण्याचा धोका असतो. संस्थानाविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थ यांनी संन्यास घेण्यापूर्वी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केले होते, ही गोष्ट येथे उद्बोधक ठरते. मुक्तिसंग्रामाचा आणि कामगारांचा इतिहास हे परस्परविरोधी प्रवाह नव्हेत. गिरणी निजामाच्या नावाची असली तरी तिच्यातील श्रम निजामाचे नव्हते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१) 'गिरणी म्हणजे मुंबई' आणि 'मराठवाडा म्हणजे गाव' ही विभागणी साहित्यवास्तवाची नसून समीक्षेच्या सवयीची आहे. उस्मानशाही मिलसारखी उदाहरणे तिला छेद देतात.

२) ग्रामीण आणि नागर या कोटींच्या मध्ये असलेल्या अनुभवासाठी समीक्षेने हंगाम व पाळी, शेत व खाते, मराठी व उर्दू यांच्या सीमारेषांवर उभे राहून वाचन केले पाहिजे.

३) लिखित संहिता अपुरी असेल तेथे मौखिक संहिता गोळा करणे हे साहित्याच्या अभ्यासकाचेही काम आहे. साचा, धोटा, बॉबिन, जॉबर, बदली कामगार, हजेरी ही शब्दसृष्टी बोलणारे लोक आज वृद्धत्वात आहेत. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आता पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे.

नांदेड व लातूर परिसरातील महाविद्यालयांच्या भाषा विभागांना हे काम करता येण्याजोगे आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने जवळच्या निवृत्त गिरणी कामगाराकडे जाऊन त्याचे खाते, त्याची पाळी आणि गिरणी बंद झाली त्यानंतरची पहिली सकाळ यांविषयी विचारावे आणि त्याच्याच शब्दांत ते लिहून घ्यावे. भिंती पडल्या तरी आराखड्यावरून त्यांचा अंदाज बांधता येतो. भोंगा बंद झाल्यावरही पहाटे ठरल्या वेळी जागा होणारा माणूस कोणत्याही आराखड्यात नसतो. त्याची नोंद झाली नाही, तर मराठवाड्याच्या साहित्याचा इतिहास कापूस आणि कापड यांच्या मधली जागा कायमची कोरी ठेवूनच लिहिला जाईल.