उत्तेजक चाचणीची उपयुक्तता : व्यावसायिक सायकल शर्यतींच्या अनुभवाची चिकित्सा

व्यावसायिक क्रीडाक्षेत्रातील उत्तेजक द्रव्यांची चाचणी खर्चिक आहे, ती खेळाडूच्या खासगी जीवनात हस्तक्षेप करते आणि इतके करूनही खरे दोषी निसटतातच. मग ही व्यवस्था चालू ठेवण्यात अर्थ काय, असा प्रश्न अभ्यासकांनी वारंवार उपस्थित केला आहे. ज्युलियन सावुलेस्कू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये या प्रश्नाचे एक सुसंगत उत्तर मांडले. द्रव्याचा शोध घेत बसण्याऐवजी खेळाडूचे आरोग्य तपासावे आणि सुरक्षित मर्यादेच्या आत राहणाऱ्यास मोकळीक द्यावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, हे त्यांचे आवडते उदाहरण. ते मोजणे स्वस्त व सोपे आहे. ५० टक्क्यांची मर्यादा घालून द्यावी. तेथपर्यंत खेळाडू कोणत्या मार्गाने पोहोचला याची चौकशी करू नये. प्रस्तुत लेखात या प्रतिपादनाची सायकल शर्यतींच्या इतिहासाच्या आधारे चिकित्सा करावयाची आहे.

आक्षेपाचा पहिला भाग मान्य करणे प्राप्त आहे. चाचणी हे गुन्हेगार पकडण्याचे जाळे मानले, तर ते जाळे फाटके आहे. १९९८ च्या ‘टूर द फ्रान्स’मधील फेस्टिना प्रकरण प्रयोगशाळेत उघडकीस आले नाही, संघाच्या मदतनिसाची गाडी सीमेवर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडविली आणि तीत औषधांचा साठा सापडला. लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ या काळात सलग सात वेळा ही शर्यत जिंकली. त्याची सर्व जेतेपदे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली, ती मुख्यतः ११ माजी संघसहकाऱ्यांसह २६ व्यक्तींनी शपथेवर दिलेल्या साक्षींच्या बळावर. ॲथलेटिक्समध्येही हेच दिसते. २०११ च्या दएगू येथील जागतिक स्पर्धेत जैविक चाचण्यांत सुमारे ०.५ टक्के नमुने दोषी ठरले. त्याच स्पर्धेतील खेळाडूंची ओळख पूर्णपणे झाकून केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात मात्र मागील वर्षभरात उत्तेजके घेतल्याचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक असावे, असा अंदाज निघाला. या सर्वेक्षणपद्धतीविषयी मतभेद आहेत. तथापि, दोन आकड्यांमधील दरी केवळ पद्धतीच्या दोषाने भरून निघेल असे वाटत नाही.

परंतु येथून सावुलेस्कू यांच्या निष्कर्षाकडे उडी घेता येत नाही. कारण त्यांनी सुचविलेला प्रयोग प्रत्यक्षात होऊन गेलेला आहे. एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ, हे मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी तयार झालेले औषध १९९० च्या दशकात सायकलपटूंच्या सर्रास वापरात होते. ते लघवीत ओळखण्याची पद्धत २००० च्या सिडनी ऑलिंपिकपर्यंत वापरात आली नव्हती. हतबल झालेल्या आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने १९९७ मध्ये पुरुषांसाठी ५० टक्के हिमॅटोक्रिटची मर्यादा घातली. ती ओलांडणाऱ्यास दोषी ठरविले जात नसे. आरोग्याच्या कारणास्तव त्याला १५ दिवस विश्रांती दिली जाई. द्रव्याविषयी प्रश्न नाही, मार्गाविषयी चौकशी नाही, फक्त मर्यादा! सावुलेस्कू यांच्या आदर्श व्यवस्थेपासून ही व्यवस्था फार दूर नव्हती.

तिचे काय झाले? मर्यादा हेच उद्दिष्ट बनले. संघाचे डॉक्टर छोटी यंत्रे घेऊन हॉटेलच्या खोल्यांतून खेळाडूंचे रक्त मोजू लागले आणि आकडा वर गेलाच, तर सलाईन देऊन तो खाली आणू लागले. ज्याचे नैसर्गिक प्रमाण ४१ आहे त्याला औषधाने मोठी मजल मारता येई. ज्याचे मुळातच ४८ आहे त्याच्या वाट्याला फारसे काही येत नसे. यामुळे निसर्गाचा पक्षपात दूर होऊन समता येते, असे या मताच्या समर्थकांना वाटते. पण एकाच औषधाला सर्व शरीरे सारखा प्रतिसाद देत नाहीत आणि कुशल डॉक्टर सर्वांना सारखे परवडत नाहीत. ही समता कागदावरची होय. सुरक्षिततेचीही तीच कथा. १९९८ मध्ये इटली व फ्रान्स या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकणारा मार्को पंतानी १९९९ मध्ये इटलीची शर्यत जिंकण्याच्या उंबरठ्यावर असताना ५२ टक्के प्रमाणामुळे बाहेर काढला गेला. नियमाच्या दृष्टीने ती केवळ विश्रांती होती. लोकांनी मात्र तो कलंकच मानला.

मात्र या चर्चेत सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेला माणूस पंतानी नव्हे, क्रिस्तोफ बासों आहे. फेस्टिना संघातील या खेळाडूने औषधे घेतली नाहीत, अशी साक्ष त्याच्या संघसहकाऱ्यांनीच तपासात दिली होती. १९९९ च्या ‘टूर’मध्ये त्याने एका वृत्तपत्रातील सदरातून खेळात अजूनही औषधे चालू असल्याचे लिहिले. आर्मस्ट्राँगने शर्यत चालू असतानाच त्याला गाठून निघून जाण्यास सुनावले. इतर खेळाडूंनी त्याच्याशी बोलणे टाकले. बासोंने शर्यत अर्धवट सोडली. मोकळीक म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य, हे सावुलेस्कू यांचे गृहीतक येथे कोसळते. ज्या पेशात सर्वजण मर्यादेपर्यंत औषध घेतात, त्यात न घेणाऱ्याला निवड उरतच नाही. चाचणीचे मोल मोजावयाचे तर पकडलेल्यांची संख्या मोजून भागणार नाही. बासोंसारख्याला पेशात टिकता येते का, हे पाहावे लागेल.

या कसोटीवर २००८ मध्ये सायकल महासंघाने लागू केलेल्या ‘जैविक पारपत्रा’चा विचार करावा. यात ठरावीक द्रव्य शोधले जात नाही; खेळाडूच्या रक्ताची दीर्घकालीन नोंद ठेवून त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीशी तुलना केली जाते. म्हणजे सर्वांना एकच ५० टक्क्यांचे छत नाही, प्रत्येकाला त्याचे त्याचे. महासंघाने नेमलेल्या स्वतंत्र सुधारणा आयोगाने २०१५ च्या अहवालात उत्तेजकांचा वापर थांबल्याचे म्हटले नाही. अल्प मात्रेत औषधे घेण्याचे प्रकार चालूच होते. पण त्यातून मिळणारा लाभ पूर्वीपेक्षा बराच घटला आहे आणि औषधाविना जिंकणे आता शक्य आहे, असे मत त्याच्यापुढे मांडले गेले. हे यश मर्यादित आहे, परंतु नगण्य खचित नाही.

खरा दोष तंत्रात नसून मालकीत आहे. शर्यतीची लोकप्रियता ज्या संस्थेच्या हिताची, तीच संस्था चाचणीची सूत्रे हाती ठेवते तेव्हा संशय अटळ होतो. याच सायकल महासंघाने आर्मस्ट्राँगकडून १,००,००० डॉलर्सहून अधिक देणगी स्वीकारली होती.

आपल्याकडील क्रिकेटचे उदाहरण याच अंगाने पाहण्याजोगे आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २००९ मध्ये खेळाडूंची सुरक्षितता व खासगीपणा पुढे करून ठावठिकाणा कळविण्याच्या अटीस विरोध केला आणि पुढील दहा वर्षे चाचणीची व्यवस्था स्वतःच्याच हाती ठेवली. मुंबईचा सलामीवीर पृथ्वी शॉ याचा नमुना २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूर येथे घेण्यात आला. त्यात खोकल्याच्या औषधातील टर्ब्युटलिन आढळले. ते अजाणतेपणी घेतले गेल्याचे मंडळाने मान्य केले व आठ महिन्यांची बंदी घातली. ती जाहीर झाली जुलैच्या अखेरीस आणि लागू धरली गेली मार्चपासून. दरम्यान आयपीएलचा संपूर्ण हंगाम तो खेळून मोकळा झाला होता. या विलंबामागे हेतू होता असे म्हणण्यास आधार नाही. पण प्रश्न विचारावयाचा तर उत्तर देणारी, निर्णय घेणारी आणि आयपीएल भरविणारी संस्था एकच होती. ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळाने राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेचे अधिकारक्षेत्र मान्य केले. त्याच महिन्यात दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची जागतिक मान्यता निलंबित झाली आणि डिसेंबर २०२१ पर्यंत भारतीय खेळाडूंचे नमुने तपासणीसाठी परदेशी पाठवावे लागले.